मदत हवी आहे: बडोद्यात मोडी (मराठीची जुनी लिपी) कुठे शिकता येईल?
नमस्कार मंडळी. मी दांडिया बाजारातली, वय 47. बी.कॉम. बाबांनी सांगितलं म्हणून केलं, नोकरी घरासाठी धरली. दिवाळीत माळा आवरताना पणजोबांची मोडीतली वही सापडली. आधी ओढलेली सलग रेघ, तिला लोंबणारी अक्षरं, हात न उचलता लिहिलेली. ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ताच नाही. आठवडाभर डोकं लावून ‘श्री’ आणि दोन आकडे लागले, पण वही काही हातातून सुटत नाही! सासूबाई विचारतात, “त्याचा उपयोग काय?” उपयोग नाहीच. (लेकाची बारावी आहे, ती त्याची त्यानं द्यावी.)

इथे मोडी शिकवणारं कोणी आहे का? शनिवार-रविवार जमेल. आणि नोकरी सांभाळून असं काही शिकलात, तर घरच्यांना कसं पटवलंत?