चर्चा : विंडोज ११ कडे सावकाश जाणारे छोटे व्यावसायिक चुकतात का?

मुद्रक, नौपाडा (चर्चाप्रस्ताव)

ठाण्यात गोखले रस्त्याजवळ माझे अक्षरजुळणीचे आणि छपाईचे छोटे दुकान आहे. दुकानात पाच संगणक आहेत. दोन विंडोज ११ वर गेले, तीन अजून विंडोज १० वर चालतात. या तिघांवरून मला गेल्या काही महिन्यांत बरेच ऐकून घ्यावे लागले आहे. विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे मोफत सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला हे मला ठाऊक आहे. तरीही मी थांबलो, आणि तो निर्णय विचारपूर्वक घेतला होता, असे माझे म्हणणे आहे.

आधी तारखेचेच घ्या. १४ ऑक्टोबर म्हणजे २०२५ मध्ये ऐन दिवाळीचे तोंड. दिवाळी अंकांची शेवटची पाने, आयत्या वेळी आलेल्या जाहिराती, भेटकार्डे, दुकानदारांची पत्रके, हे सगळे त्याच आठवड्यात बाहेर पडायचे असते. अशा वेळी चालत्या संगणकाला कोणताही मुद्रक हात लावत नाही. दिवाळी संपली की लग्नपत्रिका सुरू होतात. आमचे वर्ष असे कामाच्या हंगामांनी बांधलेले असते आणि संगणक बदलायला त्यात मोकळे आठवडे फार थोडे मिळतात.

त्याहून मोठी अडचण यंत्रांची आहे. मागे राहिलेल्या तीन संगणकांपैकी दोघांत इंटेलचा सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह आहे आणि एकात सातव्या पिढीचा. विंडोज ११ ची मान्य प्रोसेसरांची यादी साधारणपणे आठव्या पिढीपासून सुरू होते. टीपीएम २.० या सुरक्षेच्या सोयीची अट माझ्या यंत्रांत बायोसमधील, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ मांडणीतील, एक पर्याय चालू केला की पूर्ण होते. किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण मागितली आहे, माझ्याकडे त्याहून कितीतरी अधिक आहे. म्हणजे केवळ यादीत नाव नाही म्हणून दिवसाला दहा तास विनातक्रार काम करणारी यंत्रे मी मोडीत काढावीत, अशी अपेक्षा आहे.

आणि नव्या प्रणालीने वेगाच्या बाबतीत असे काय दिले की मी धावत जावे? ५ ऑक्टोबर २०२१ रोजी विंडोज ११ आले तेव्हा एएमडीच्या रायझन प्रोसेसरांवर एल-थ्री कॅशेचा, म्हणजे प्रोसेसरमधील जलद स्मृतीचा, प्रतिसाद मंदावत होता, आणि दुरुस्ती त्याच महिन्याच्या उत्तरार्धात आली. उजव्या क्लिकचा पूर्ण मेनू ‘आणखी पर्याय’ या दुसऱ्या पायरीमागे गेला. फाइल एक्सप्लोरर लवकर उघडावा म्हणून तो आधीच पार्श्वभूमीत तयार ठेवण्याची चाचणी मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०२५ मध्ये सुरू केली, म्हणजे प्रणाली येऊन चार वर्षे झाल्यावर. जो माणूस दिवसात शेकडो वेळा फोल्डर उघडतो आणि उजवी क्लिक करतो, त्याच्यासाठी या क्षुल्लक गोष्टी नाहीत. स्टॅटकाउंटर या इंटरनेट-वापर मोजणाऱ्या संस्थेच्या आकडेवारीत विंडोज ११ ने विंडोज १० ला मागे टाकले ते जुलै २०२५ मध्ये, जवळजवळ पावणेचार वर्षांनी. जगभरातले इतके लोक थांबले, ते सगळे अडाणी होते असे मी मानत नाही.

माझ्या मते प्रणाली बनवणाऱ्याने आधी ती जुन्याइतकी चपळ करून दाखवावी आणि मगच आम्हाला तारखा द्याव्यात.

आयात-निर्यात कर्मचारी, बेलापूर

तुमच्या हंगामाची अडचण मला मान्य आहे, पण संपूर्ण प्रस्तावात सुरक्षिततेविषयी एकही वाक्य नाही याचे मला वाईट वाटले. आपल्या भागातल्या लोकांनी तरी २७ जून २०१७ विसरू नये. नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्राम युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला आणि जगभर पसरत गेला. येथून जवळच असलेल्या जेएनपीटी बंदरातील एका टर्मिनलचे संगणक त्यामुळे बंद पडले. मी याच क्षेत्रात काम करते. कंटेनर दाराशी उभा आहे, पण तो कोणाचा आणि कुठे जायचा हे सांगणारा पडदाच काळा आहे, म्हणजे काय होते ते मला कोणी समजावून सांगायला नको. त्याच्या दीड महिना आधी, १२ मे रोजी, वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या घातक प्रोग्रामने हाहाकार उडवला होता. विंडोजमधील ज्या त्रुटीतून तो शिरला ती बुजवणारा अपडेट मार्चमध्येच उपलब्ध झाला होता.

तुमच्या तीन संगणकांना असा अपडेट आता आपोआप मिळणार नाही. रोज किती अनोळखी माणसे तुमच्या दुकानात पेन ड्राइव्ह घेऊन येतात, याचा विचार तुम्ही केला आहे का? तुमच्याकडे ग्राहकांच्या पत्रिका असतात, आधार कार्डांच्या प्रती असतात, संस्थांचे अहवाल असतात. हा धोका तुमच्या एकट्याचा नाही.

संगणक दुरुस्ती, वाशी

काका, मी सेक्टर १७ मध्ये सोळा वर्षे हेच काम करतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. ‘विंडोज ११ टाकल्यापासून संगणक मंद झाला’ असे सांगत जी यंत्रे माझ्याकडे येतात, त्यांतल्या बहुतेकांत प्रणाली अजून जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर असते. मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणाऱ्या डिस्कवर हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली येईपर्यंत सरासरी चार मिलिसेकंद जातात. डोके एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर नेण्याचा वेळ वेगळा. त्यामुळे विखुरलेल्या छोट्या फाइली वाचताना ती डिस्क सेकंदाला शंभराच्या आसपास वाचने करते. साध्या साटा एसएसडीला, म्हणजे फिरता भाग नसलेल्या साठवणीला, हेच काम सेकंदाला हजारोंच्या संख्येने जमते. आजची प्रणाली मागच्या बाजूला सतत काहीतरी करत असते, कधी शोधासाठी अनुक्रमणिका, कधी विषाणूतपासणी, कधी अपडेट उतरवणे. फिरती डिस्क या गर्दीत गुदमरते आणि दोष प्रणालीच्या नावावर पडतो. एसएसडी बसवा, रॅम किमान ८ जीबी करा, संगणकाबरोबर आपोआप सुरू होणारे प्रोग्राम टास्क मॅनेजरमधून बंद करा आणि नंतर तुलना करा.

प्रोसेसरच्या यादीविषयी मात्र तुमच्याकडून एक महत्त्वाची गोष्ट राहून गेली. विंडोज ११ नव्याने बसवले की पात्र यंत्रांवर ‘मेमरी इंटिग्रिटी’ नावाचे संरक्षण चालू असते. प्रणालीच्या गाभ्यात चालणारा प्रत्येक कोड आणि प्रत्येक ड्रायव्हर (उपकरण चालवणारा छोटा प्रोग्राम) तपासूनच चालू द्यायचा, असे त्याचे काम आहे. या तपासणीचा भार हलका करण्यासाठी प्रोसेसरमध्येच एक सोय लागते आणि इंटेलमध्ये ती सातव्या पिढीपासून आहे. तुमच्या सहाव्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये ती नाही. तेथे तेच काम सॉफ्टवेअरमधून नकलेने करावे लागते आणि वेग अधिक घटतो. म्हणजे ज्या अटीला तुम्ही अन्याय म्हणता ती निदान दोन संगणकांच्या बाबतीत तुमच्याच वेगाच्या तक्रारीशी जोडलेली आहे. यादीला बगल देऊन विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या मलाही येतात, पण ग्राहकाच्या कामाच्या यंत्रावर मी त्या वापरत नाही. पुढचे मोठे अपडेट तेथे नीट उतरेल याची हमी मी देऊ शकत नाही.

लघुउद्योजक, वागळे इस्टेट

माझ्या कारखान्यातील एका यंत्राला जोडलेला संगणक विंडोज ७ वर आहे आणि तो तसाच राहील. नवी प्रणाली त्या यंत्राचे नियंत्रण कार्ड ओळखत नाही. त्याला इंटरनेट नाही, आतील जाळ्यातही तो जोडलेला नाही, आरेखने ठरावीक एकाच पेन ड्राइव्हने आणि तपासूनच त्यात जातात. कार्यालयातील दोन जुने संगणक आम्ही उबुंटू या लिनक्सवर आधारलेल्या मोफत प्रणालीवर नेले आणि पत्रव्यवहार, कोटेशन, ईमेल त्यावर उत्तम चालते. विंडोज १० नाही तर विंडोज ११, एवढ्या दोनच वाटा आहेत असे धरून चर्चा का चालली आहे, हे मला समजले नाही.

मुद्रक, नौपाडा

उद्योजकसाहेब, उबुंटूवर कोरलड्रॉ हे आरेखनाचे सॉफ्टवेअर चालत नाही आणि माझा निम्मा व्यवसाय कोरलच्या फाइलींवर उभा आहे. ती वाट माझ्यासाठी बंद आहे.

वाशीच्या मित्रांनी सहाव्या पिढीबद्दल जे सांगितले ते मला माहीत नव्हते आणि ते मी मान्य करतो. पण त्याच न्यायाने सातव्या पिढीचा प्रोसेसर आत यायला हवा होता, कारण तुम्ही म्हणता ती सोय त्यात आहे. तरी तो बाहेर आहे. अपवाद झाला तो मोजक्या प्रोसेसरांचा, आणि त्यांत कोअर आय-सेव्हन ७८२०एचक्यू आहे, जो मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या सरफेस स्टुडिओ २ मध्ये बसवून विकला होता. आपल्या यंत्रासाठी दार उघडायचे आणि त्याच पिढीच्या माझ्या यंत्रासाठी ते बंद ठेवायचे, याला मी तांत्रिक कारण मानू शकत नाही.

ताई, पेन ड्राइव्हचा तुमचा प्रश्न मला लागला. तो लागायलाच हवा होता. परंतु तुम्ही दिलेली दोन्ही उदाहरणे माझ्या विरोधात जात नाहीत. वॉनाक्राय आला तेव्हा विंडोज ७ चा आधार चालू होता, तो पुढे १४ जानेवारी २०२० पर्यंत होता. अपडेट मिळत असूनही ज्यांनी तो बसवला नाही ते बळी पडले. नॉटपेट्या तर एका संगणकातून मिळवलेल्या पासवर्डांच्या जोरावर अपडेट बसवलेल्या संगणकांतही शिरला. मग प्रणाली नवी की जुनी, यापेक्षा ती रोजच्या रोज कशी सांभाळली जाते हे अधिक महत्त्वाचे नाही का?

आणखी एक सांगतो, कारण ते आमच्या धंद्याचे मर्म आहे. माझ्याकडे वीस-पंचवीस वर्षांचा मराठी मजकूर युनिकोड ही सर्वमान्य अक्षरपद्धती येण्यापूर्वीच्या फॉन्टांत साठवलेला आहे. तो उघडणाऱ्या सॉफ्टवेअरला यूएसबीचे डोंगल, म्हणजे परवान्याची किल्ली, लागते आणि त्या डोंगलचा ड्रायव्हर जुना आहे. विंडोज ११ वर नेलेल्या पहिल्याच संगणकात मेमरी इंटिग्रिटीने तो अडवला. आता एकतर संरक्षण बंद करायचे किंवा तो मजकूर सोडून द्यायचा. एका संस्थेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका मी त्या फाइलींवरून पुन्हा काढून दिली आहे. तो ठेवा मी कसा सोडू?

आयात-निर्यात कर्मचारी, बेलापूर

काका, सांभाळणे महत्त्वाचे, हे तुमचे वाक्य मी जसेच्या तसे स्वीकारते. पण सांभाळायचे कशाने? २०१७ मध्ये अपडेट होता आणि लोकांनी तो बसवला नाही. तुमच्याकडे आता बसवायला अपडेटच येत नाही. ते हवे असतील तर वाढीव सुरक्षा अपडेटांची योजना घ्यावी लागेल. घरगुती वापरासाठी ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे, आणि व्यवसायासाठी पहिल्या वर्षी दर संगणकामागे ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षे. तीन वर्षांचे ४२७ डॉलर होतात. जुन्या संगणकावर एवढा खर्च करणे तुम्हालाही पटणार नाही. मग तुम्ही ज्याला थांबणे म्हणता ते प्रत्यक्षात विनासंरक्षण चालवणे आहे, आणि या मुद्द्यावर मी तुमच्याशी सहमत होऊ शकत नाही.

कर सल्लागार, घोडबंदर रस्ता

हंगामाच्या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. जानेवारी ते मार्च आमच्याकडेही संगणकाला कोणी हात लावत नाही. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन नव्या प्रणालीवर ओळखले गेले नाही तर विवरणपत्र अडकते आणि दंड अशिलाला बसतो. मात्र आम्ही एप्रिलमध्ये एक संगणक नव्या प्रणालीवर नेला, त्यावर महिनाभर टोकन, प्रिंटर आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर चालवून पाहिले आणि मगच बाकीचे बदलले. ‘सावकाश’ या शब्दाला माझी हरकत नाही, फक्त त्याला एक ठरलेली तारीख असावी.

संगणक दुरुस्ती, वाशी

काका, सातव्या पिढीच्या बाबतीत तुमचे बरोबर आहे, मी त्याचे समर्थन करणार नाही. डोंगलचा प्रश्न खरा आहे आणि त्यासाठी विंडोज ११ चे संरक्षण कायमचे बंद ठेवू नका. सहाव्या पिढीचा एक संगणक केवळ जुन्या मजकुरासाठी राखून ठेवा, त्याची जाळ्याची तार काढा, वायफाय बंद करा, आणि वागळे इस्टेटचे साहेब करतात तसा एकच पेन ड्राइव्ह त्याच्यासाठी ठेवा. त्या डिस्कची संपूर्ण प्रत आधी काढून घ्या, कारण दहा वर्षांची डिस्क सांगून जात नाही. तेथून मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून बाहेर आणा. जोडाक्षरे आणि रफार तपासावे लागतील, वेळ लागेल, पण हे काम कधीतरी करावेच लागणार आहे. जुने दस्तऐवज मंगल फॉन्टमध्ये असतील आणि नव्या संगणकावर वेगळे दिसत असतील, तर विंडोजच्या वैकल्पिक सुविधांमधून देवनागरीचे पूरक फॉन्ट बसवा, मंगल त्यात मिळतो.

मुद्रक, नौपाडा

हे मला करता येईल. लग्नसराई ओसरली की पावसाळ्याच्या सुरुवातीला सहाव्या पिढीचे एक यंत्र तुम्ही म्हणता तसे वेगळे काढतो आणि दुसऱ्याच्या जागी नवा संगणक घेतो. सातव्या पिढीच्या संगणकाबद्दल माझे मत बदललेले नाही, तो मोडीत काढणे मला अजूनही अन्यायाचे वाटते. ईमेल आणि ग्राहकांचे पेन ड्राइव्ह मात्र उद्यापासून केवळ विंडोज ११ च्या दोन संगणकांवरच उघडले जातील, तसे मी आजच मुलांना सांगितले आहे.

आयात-निर्यात कर्मचारी, बेलापूर

आणि त्या दोन संगणकांवर मुले ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून, म्हणजे सर्व अधिकारांच्या खात्यातून, काम करत असतील तर तेही आजच बदला, काका. तुम्हीच सांगितलेत, नॉटपेट्या पासवर्डांवरून पसरला होता.