शिकारीसाठी जमीन खंडाने घ्यावी, की खुल्या प्रवेशाचा आग्रह धरावा?

माळवाट: टेक्ससमधील सुमारे ९५ टक्के जमीन खाजगी असल्यामुळे येथे हरणाची शिकार म्हणजे बहुतेकांसाठी खंडाने घेतलेले रानच असते. गेल्या वर्षी मालकाने खंड वाढवला, तो आमच्या पाच जणांच्या गटाला झेपला नाही आणि आठ वर्षांची ओळखीची जागा सुटली. अमेरिकेत वन्यप्राणी जमीनमालकाचे नसतात. राज्य त्यांचे विश्वस्त असते. शिवाय १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के अबकारी कर बसतो व तो पैसा वन्यजीव संवर्धनाला जातो. कर सर्वांनी भरावा आणि रानात मात्र पैसेवाल्यांनीच जावे, हे मला अन्यायाचे वाटते.

ओकसावली: मी टेक्ससच्या मध्यभागातील हिल कंट्री या डोंगराळ भागातील लहानशी जमीनमालक आहे आणि आपल्याशी असहमत आहे. हरीण राज्याचे आहे, हे मान्य. परंतु ते ज्या गवतावर आणि ओकच्या फळांवर जगते ते माझ्या जमिनीतले आहे, आणि दुष्काळात पाण्याची टाकी मीच भरते. आमच्याकडे दरवर्षी तेच चार शिकारी येतात, गुरांचे फाटक आठवणीने लावतात आणि कुंपण तुटलेले दिसले तर आधी मला कळवतात. अनोळखी माणसाकडून मी ही अपेक्षा कशी ठेवू? खंडाचे उत्पन्न थांबले तर भोवतालच्या कितीतरी जमिनींचे घरांसाठी तुकडे पडतील, आणि मग हरीणही राहणार नाही.

माळवाट: तुकड्यांची भीती खरी आहे, ती मी विचारात घेतली नव्हती. तरीही मोंटाना राज्याकडे पाहावे. तेथे १९८५ पासून चालत आलेल्या ब्लॉक मॅनेजमेंट योजनेत राज्य मालकाला मोबदला देते आणि शिकाऱ्याला प्रवेश विनामूल्य मिळतो. किती जणांना कोणत्या नियमांनी सोडायचे, हे मालकाशी आधीच ठरवलेले असते, त्यामुळे आपण म्हणता तसा अनोळखी लोंढा येत नाही.

ओकसावली: मोंटानात संघराज्याची विस्तीर्ण सार्वजनिक जमीन आहे, म्हणून खाजगी मालकांवर सगळा भार पडत नाही. टेक्ससमध्ये तसे नाही.

होलामाळ: टेक्ससमध्येही अशी सोय थोडी आहे, हे दोघांच्याही बोलण्यातून सुटले. ४८ डॉलरच्या वार्षिक सार्वजनिक शिकार परवान्यात राज्याने खाजगी मालकांकडून खंडाने घेतलेली शेतेही येतात. ती मुख्यतः होल्यांच्या (कबुतरासारख्या पक्ष्यांच्या) आणि लहान प्राण्यांच्या शिकारीसाठी असतात. मी दर सप्टेंबरला तेथेच जातो.

ओकसावली: कापणी झालेल्या मोकळ्या शेतात छऱ्यांच्या बंदुकीने होल्यांची शिकार करणे आणि नोव्हेंबरात हरणासाठी झाडीत रायफल चालवणे यांत फार अंतर आहे, कारण रायफलीची गोळी शेजाऱ्याच्या घरापर्यंत जाऊ शकते. तरीही रस्त्याकडचे चाळीस एकरांचे शेत होल्यांसाठी राज्याला द्यायला माझी हरकत नाही. ओकच्या झाडीत मात्र ते चौघेच येतील.