सिद्ध झालं, पण 'का' कुठंय?

मुलुंडकर_मास्तर: अकरावीच्या शिकवण्या घेतो. काल १+३+५+७ अशी विषम संख्यांची बेरीज नेहमी वर्गच येते हे इंडक्शनने (पहिल्या संख्येला खरं, आणि एकीला खरं तर पुढचीलाही खरं, असं दाखवून) सिद्ध केलं तर एक पोरगी म्हणते, सर सिद्ध झालं हो, पण असं का होतं ते नाही कळलं. मग कॅरमच्या सोंगट्या काढल्या, एक ठेवली, तिच्या दोन बाजूंनी काटकोनात तीन, मग पाच, मग सात, १६ चा चौकोन झाला आणि पोरगी खूश. पण माझंच डोकं फिरलं. वडिलांच्या धम्माच्या पुस्तकांत सारखं येतं, 'हे आहे म्हणून ते आहे'. गणितात तर काही घडतच नाही, आधी-नंतर नाही, मग तिथला 'म्हणून' येतो कुठून?

दादर_स्लो: धर्मकीर्ती वाचा, सातव्या शतकातला बौद्ध तर्कशास्त्रज्ञ. धुरावरून विस्तव कळतो, पण धुरामुळे विस्तव लागत नाही ना, तो झाला कार्यहेतू, म्हणजे परिणामावरून कारण ओळखणं. दुसरा स्वभावहेतू, म्हणजे वस्तूच्या स्वरूपावरूनच कळणं: शिंशपा (शिसम) आहे म्हणून झाड आहे. इथे आधी-नंतर नाहीच! गणितातला 'म्हणून' हाच. तुमचं इंडक्शन म्हणजे मला तरी नुसता धूर वाटतो, खरं आहे एवढं कळतं, का ते नाही.

चष्मिष: गणिताचा तत्त्वज्ञ मार्क स्टायनर, त्याने १९७८ मध्ये साधारण हेच म्हटलंय, की कारण सांगणारी सिद्धता वस्तूच्या खास गुणधर्मावर उभी असते.

मुलुंडकर_मास्तर: पण बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुन तर म्हणतो कशालाच स्वभाव नाही??

दादर_स्लो: शब्द एक, अर्थ वेगळे. तो नाकारतो ते कशावरही अवलंबून नसलेलं, स्वयंभू असं काहीतरी.

चष्मिष: आणि ते संख्यांना फिट्ट बसतं बघा. बेनासेराफ, हाही गणिताचा तत्त्वज्ञ, १९६५: ३ ला स्वतःचं असं काहीच नाही, २ च्या नंतर आणि ४ च्या आधी, एवढीच तिची ओळख. (नागार्जुन इथे थांबला नसता, ती रांगसुद्धा शून्यच, म्हणजे स्वभाव नसलेली, म्हणाला असता.) पण मग दादर, धूर नाही पटत मला. संख्या म्हणजेच जर 'एकानंतर पुढची' असेल तर इंडक्शन हेच सगळ्यात आतलं कारण झालं की. आणि मास्तर, तुमचा तो सोंगट्यांचा काटकोन म्हणजे एन बाजूच्या चौकोनाला पुढचा करणाऱ्या दोन एन अधिक एक सोंगट्या, इंडक्शनची पायरीच ती, फक्त डोळ्यांना दिसणारी.

दादर_स्लो: हम्म. धूर मागे घेतो.

मुलुंडकर_मास्तर: अरे हो की! उद्या दोन्ही शेजारी शेजारी मांडतो. पण पुढच्या चौकोनाला २५ लागतील आणि सेटमध्ये क्वीन धरून १९ च, खालच्या मजल्यावरून अजून एक डबा मागावा लागणार.