आधी शनिवारपासून सुरू करा

हिंजवडीची नोकरी सोडून शिकवायचंय, पण उभारी टिकत नाही, असं तुम्ही लिहिलंय. चाळिशीत माझंही तेच झालं होतं. रविवारी सिंहगड चढताना राजीनामा नक्की असायचा, सोमवारी वाकडच्या ट्रॅफिकमध्ये तो विरून जायचा.

मला महर्षी कर्व्यांचा आधार वाटला. 1896 मध्ये त्यांनी विधवांच्या आश्रमासाठी संस्था काढली, तेव्हा फर्ग्युसनची नोकरी सोडली नव्हती. 1900 मध्ये आश्रम हिंगण्याला, म्हणजे आजच्या कर्वेनगरात गेला. दिवसा गणित शिकवायचं आणि मग चिखल तुडवत हिंगणं गाठायचं! महिला विद्यापीठ काढलं 1916 मध्ये, वयाच्या 58 व्या वर्षी.

मी शनिवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या वॉचमनच्या दोन मुलांना गणित शिकवायला लागलो. पगार चालू, त्यामुळे घरचेही निर्धास्त. अपूर्णांक उमगल्यावर धाकटीचा चेहरा असा काही खुलला, की मला तो आठवडाभर पुरला. घराचे हप्ते फिटेपर्यंत दीड वर्षं हेच केलं. मग राजीनामा लिहायला दहा मिनिटं लागली. तुमच्याही आसपास गणिताला घाबरणारं एखादं मूल असेलच, त्याच्या आईशी आजच बोला.