बिल्डरूट: आपल्या प्रोजेक्टच्या फाइल्स नक्की कुठे ठेवता?

मंडळी, जरा मदत हवी आहे. बीगलबोन ब्लॅक या छोट्या कॉम्प्युटर बोर्डवर दोन प्रॉडक्ट्स आहेत, त्यांची लिनक्स सिस्टिम बनवायला बिल्डरूट २०२४.०२ हे टूल वापरतोय. आधीचा माणूस सगळं थेट बिल्डरूटच्या मूळ सोर्स फोल्डरमध्येच घुसडून गेलाय: पॅचेस, कर्नल कॉन्फिग, डिव्हाइस ट्री (बोर्डच्या हार्डवेअरचं वर्णन), सगळं. त्यात परवा मी शहाणपणा करून आउटपुटच्या टार्गेट फोल्डरमध्येच नेटवर्कची इंटरफेसेस फाइल बदलली, नंतर 'मेक क्लीन' (बिल्डचं सगळं आउटपुट पुसणारी कमांड) मारलं आणि दोन दिवसांचं काम गेलं. चूक माझीच.

आता बीआर-टू एक्स्टर्नलचं (आपल्या फाइल्स बिल्डरूटच्या बाहेर ठेवायची सोय) वेगळं गिट रेपो केलंय. एक्स्टर्नल डॉट डेस्क, एक्स्टर्नल डॉट एमके आणि कॉन्फिग डॉट इन या तिन्ही फाइल्स आहेत, डेफकॉन्फिगही (निवडलेल्या सेटिंग्जची फाइल) तिथेच सेव्ह होतो. इथवर ठीक.

घोडं अडलंय ते रूटएफएस ओव्हरलेवर, म्हणजे ज्या फोल्डरमधल्या फाइल्स बनलेल्या फाइल सिस्टिमवर कॉपी होतात त्यावर. दोन्ही प्रॉडक्ट्सच्या बहुतेक फाइल्स सारख्याच आहेत, फरक फक्त होस्टनेम, इनिटटॅब (सुरू होताना काय चालवायचं ती फाइल) आणि एका स्टार्टअप स्क्रिप्टचा. ओव्हरलेच्या पर्यायात स्पेस देऊन दोन फोल्डर देता येतात आणि नंतरचा आधीच्यावर चढतो, म्हणून 'कॉमन' आणि 'प्रॉडक्ट' असे दोन थर करायचा विचार आहे. पण कॉमनमधली एखादी फाइल एका प्रॉडक्टला नकोच असेल तर? ओव्हरले फाइल घालतो, काढत नाही. पोस्ट-बिल्ड स्क्रिप्टमध्ये (ओव्हरले कॉपी झाल्यावर चालणारी) फाइल पुसणारं 'आरएम' लिहायचं म्हणजे मला ठिगळ वाटतं. की अशा फाइल्सचं छोटं पॅकेजच करून मेनूकॉन्फिगमधून (बिल्डरूटचा सेटिंग्जचा मेनू) चालू-बंद करावं?

दोन-तीन प्रॉडक्ट्स सांभाळणाऱ्यांनी आपली फोल्डरची मांडणी सांगितली तर बरं होईल. योक्टोवर (याच कामाचं दुसरं टूल) जा असं कृपया सांगू नका, तेवढा वेळ नाही.