‘म्हाताऱ्यांना कोकणात ठेवा, वीस हजारांत भागतं’ : कोणाचं भागतं?

मालवणची सून
परवा इथे एका पुणेकर दादांनी लिहिलं की शहरात आईवडिलांवर महिना साठ हजार घालवण्यापेक्षा त्यांना गावच्या घरी नाहीतर कोकणातल्या एखाद्या आश्रमात ठेवा. समुद्राची हवा, ताजे मासे, वीस हजारांत सगळं भागतं. खाली बदामांचा पाऊस. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

सासूबाई ८१ वर्षांच्या, पॅरालिसिसनंतर डावी बाजू गेलेली. गेल्या नोव्हेंबरचा हिशोब: दिवसाची बाई ५०० रुपये रोज, म्हणजे १५,०००. रात्रीची ६०० रोज, म्हणजे १८,०००. डायपर आणि अंडरपॅड ४,५००. औषधं ३,५००. फिजिओ कुडाळहून महिन्यात आठ वेळा, प्रत्येकी ८००, म्हणजे ६,४००. झाले ४७,४००. यात जेवण नाही, इन्व्हर्टरची बॅटरी नाही, आणि नोकरी सोडून बसलेली मी तर कुठेच नाही.

शिवाय बाई मिळाली तर हा हिशोब. मार्च ते मे काजू-आंबा, जूनला लावणी, मग गणपती, मग कापणी. आमच्या मावशी शिमग्याला ‘चार दिवसांनी येते’ म्हणून गेल्या त्या पाऊस लागल्यावर उगवल्या. मी त्यांना दोष देत नाही. काजूच्या कारखान्यात निदान रात्री कोणी हाका मारत नाही.

पुणेकर दादा
तो मीच. ताई, तुमच्या सासूबाई बेडरिडन आहेत, मी हिंडत्याफिरत्या माणसांबद्दल लिहिलं होतं. माझे वडील ७६ वर्षांचे, रत्नागिरीजवळ एका ट्रस्टच्या आश्रमात दीड वर्ष आहेत. महिना १८,०००. सकाळी चालतात, पत्ते खेळतात, रक्तदाब खाली आलाय. पुण्यात चौथ्या मजल्यावर टीव्हीसमोर बसून असायचे. सगळ्यांनी रडगाणीच लिहायची असा नियम आहे का?

मालवणची सून
रडगाणं नाही, हिशोब आहे. डिपॉझिट किती भरलंत? आणि वडील अंथरुणाला खिळले तर आश्रम ठेवून घेणार का? करार काढून बघा.

पुणेकर दादा
डिपॉझिट दोन लाख, परत मिळणारं. करारात ‘स्वतःचं स्वतः करू शकणाऱ्यांसाठी’ असं आहे. वाचता येतं मला.

बँकेतून निवृत्त
ट्रस्टचं आहे म्हणून जीएसटीचा चटका नाही. धर्मादाय नोंदणी असलेल्या संस्थेत, साठीच्या पुढच्या माणसाला, महिना २५,००० पर्यंतच माफी. खासगी ‘सी व्ह्यू’वाल्याकडे गेलात तर वर १८ टक्के. आमच्याकडून समुद्र दिसण्याचे वेगळे घेतले होते. भावाला मोतीबिंदू, त्याला खिडकीसुद्धा धड दिसत नव्हती.

आणि विषय निघालाच आहे तर, ज्येष्ठांची रेल्वे सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली ती अजून

मालवणची सून
काका, रेल्वे नको. मागच्या वेळी त्यातच चाळीस प्रतिसाद गेले.

वाडीतलो
आमच्या वाडयेत सतरा घरां, त्यातली अकरा बंद. बाई खयसून गावतली? तरणी पोरां सकाळी उठून गोव्याक कामाक जातत. आणि म्हातारी आजारी पडली की ती पण गोव्याक, बांबोळीच्या सरकारी इस्पितळात.

बार्देशकार
आणि बांबोळीत गर्दी झाली की शिव्या आम्हाला. २०१८ मध्ये गोव्याबाहेरच्या रुग्णांना फी लावली तेव्हा केवढा गहजब केलात. ते इस्पितळ आमच्या करातून चालतं. तुमचं सरकार एवढी वर्षं काय करत होतं?

दोडामार्ग
आमच्या तिळारी धरणाचं पाणी गोव्याला चालतं, तिळारीकाठचा म्हातारा चालत नाही. व्वा.

बार्देशकार
तिळारी फुकट नाही, प्रकल्पाच्या खर्चाचा मोठा वाटा गोव्याने उचललाय. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ चा. सरकारी मेडिकल कॉलेज यायला चाळीस वर्षं लागली. त्याचा राग पणजीवर काढू नका.

दोडामार्ग
गावं कोणाची बुडाली ते पण लिहा ना! तुमच्या हॉटेलात भांडी कोण घासतं, कारखान्यात रात्रपाळी कोण करतं? आमची पोरं. त्यांच्या आईबापांना तुमच्या दारात फी. माझ्या बापाला रात्री अडीचला शेजाऱ्याच्या टेम्पोतून नेलंय. टेम्पोत करबुडव्या कोण ते विचारत बसायचं होतं का?

बार्देशकार
आवाज खाली. माझीही आई ८४ वर्षांची आहे.

दोडामार्ग
मग तुम्हाला तरी कळायला पाहिजे होतं.

पुणेकर दादा
माझ्या पोस्टचा तिळारीशी काय संबंध?

वाडीतलो
दादा, ‘समुद्राची हवा’ तुम्हीच लिवलास. हवेबरोबर ह्यां सगळां येता.

बार्देशकार
एवढं मान्य करतो की आमच्याकडेही आबादीआबाद नाही. गोवा सरकारच्या दयानंद योजनेचे म्हाताऱ्यांना महिना २,००० येतात, पण रात्रीची नर्स त्यात दोन रात्रीही येत नाही. आमच्या वाड्यावर निम्मी घरं बंद, पोरं लंडनला, मागे म्हातारी आणि कुत्रा. आईकडे झारखंडची मुलगी आहे, आई तिच्याशी कोंकणीत बोलते, ती हिंदीत. दोघींचं बरं चाललंय. फीच्या बाबतीत मात्र एक शब्द मागे घेणार नाही.

निवृत्त शिक्षिका, दापोली
दोन हजारांचं कौतुक सांगताय? आमच्याकडे श्रावणबाळ योजनेचे महिना १,५०० आहेत, तेही वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत असेल तर. एवढ्या उत्पन्नात माणूस पासष्टीपर्यंत पोचलाच कसा, हे आधी तपासायला हवं.

मुलं बघत नसतील तर प्रांताकडे अर्ज करता येतो, ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याने. पोटगीची कमाल महिना १०,००० रुपये. त्याच कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात १५० जणांचा वृद्धाश्रम काढता ‘येईल’ असं लिहिलंय. आयुष्यभर व्याकरण शिकवलं, ‘येईल’ आणि ‘काढावाच लागेल’ यांतला फरक मला कळतो.

मी ७७ वर्षांची, एकटी राहते. एसटी फुकट आहे, पण पायरी गुडघाभर उंच. कंडक्टर हात देतो तेव्हा जाते, नाहीतर परत घरी. निसर्ग वादळात छप्पर उडालं तेव्हा मुलगा म्हणाला पुण्याला चल. नाही गेले. तेव्हा वीस हजारांचं गणित करू नका, आणि माझी कीवही करू नका. दोन्हीचा कंटाळा आलाय.

मालवणची सून
बाई, वाकून नमस्कार. पण रात्री पडलात तर?

निवृत्त शिक्षिका, दापोली
समोरच्या घरी सांगून ठेवलंय, शिट्टी वाजली की यायचं. पीटीची जुनी आहे माझ्याकडे. एकदाच वाजवली, तीही साप निघाला म्हणून.

पुणेकर दादा
बरं. ‘सगळं भागतं’ मागे घेतो. ‘हिंडतेफिरते आहेत तोवर भागतं’ असं वाचा. खूश?

मालवणची सून
नाही. पण चालेल. वडलांसाठी आत्तापासून कुठे नाव घालून ठेवा, नंतर यादी लांब असते. आणि सत्तरी झाली आहे तर त्यांचं वय वंदना कार्ड, ते सरकारी उपचारांचं, काढलंत का?

पुणेकर दादा
नाही काढलं. ते कुठे काढतात?

दोडामार्ग
आणि तिळारीच्या वाट्याचा आकडा टाका बार्देशकार, पळू नका.

नवीन सदस्य
वरचं सगळं वाचलं नाही, माफ करा. वेंगुर्ल्याजवळ रात्रीसाठी दोन बायका मिळतील का? एक पुरत नाही, आईचं वजन ७८ किलो आहे.