सिस्को राउटरमधील कॉन्फिगरेशन काहीही न बिघडवता कमांड लाइनवरून कसे पाहावे?

प्रश्न : भट्टीवाला_शिरोली

नमस्कार. शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीत हिशेब आणि संगणक या दोन्हींची जबाबदारी माझ्याकडे आहे. आमचे मशीन शॉप गोकुळ शिरगावला असून तेथील संगणक शिरोलीच्या सर्व्हरवरील टॅलीशी व्हीपीएनने (इंटरनेटवरून दोन जागा जोडणाऱ्या सुरक्षित खासगी वाटेने) जोडलेले आहेत. शिरोलीकडे सिस्को १९४१ आणि गोकुळ शिरगावकडे मायक्रोटिकचा राउटर आहे. वळवाच्या पावसात एका रात्री शिरोलीची वीज गेली, यूपीएसही उतरला, आणि सकाळी राउटर पुन्हा सुरू झाल्यापासून दोन्हीकडे इंटरनेट व्यवस्थित चालत असले तरी गोकुळ शिरगावहून टॅली उघडत नाही. तिकडून माल निघताना चलन हाताने लिहावे लागते आणि संध्याकाळी ते पुन्हा संगणकात भरावे लागते.

ज्या कंत्राटदाराने ही जोडणी केली त्याने हे काम सोडले आहे आणि त्याचा फोन लागत नाही. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडून आलेल्या मुलाने राउटर रिसेट करून सर्व नव्याने भरण्याचा सल्ला दिला. मला तो पटला नाही, कारण आत सध्या काय भरलेले आहे हेच आमच्याकडे कोठे लिहून ठेवलेले नाही.

मी पुट्टी या प्रोग्राममधून एसएसएचने (नेटवर्कवरून कमांड देण्याच्या सुरक्षित जोडणीने) राउटरच्या आत जाऊ शकतो. राउटरच्या नावापुढे > हे चिन्ह येते. तेथे ‘शो व्हर्जन’ चालते, मात्र ‘शो रनिंग-कॉन्फिग’ लिहिले की कमांड चुकीची असल्याचा संदेश आणि त्याच्या वर ^ ही खूण दिसते. कंत्राटदाराच्या कागदावर दोन पासवर्ड आहेत, त्यांपैकी दुसरा कशाचा हे कळत नाही. नुसते पाहण्याने काही बिघडू शकते का, पाहिलेले जपून कसे ठेवावे, आणि वीज गेल्यामुळे आतले काही पुसले गेले आहे का हे कसे ओळखावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : तारजोडणी

आपण रिसेट केले नाही हे फार बरे झाले. कागदावरचा दुसरा पासवर्ड बहुधा ‘एनेबल’चा असावा. > हे चिन्ह दिसते तेव्हा आपण सामान्य वापरकर्त्याच्या पायरीवर असतो आणि तेथून कॉन्फिगरेशन दिसत नाही. आपल्याला आलेला संदेश त्याचाच आहे, कमांडचे स्पेलिंग चुकलेले नाही. ‘एनेबल’ असे लिहून तो पासवर्ड द्यावा. टाइप करताना पडद्यावर ठिपकेसुद्धा उमटत नाहीत, म्हणून कीबोर्ड बिघडला असे समजू नये. पासवर्ड बरोबर असेल तर > च्या जागी # येईल.

‘शो’ने सुरू होणारी कोणतीही कमांड कॉन्फिगरेशन बदलत नाही, त्यामुळे ती निर्धास्तपणे वापरावी. # या पायरीवर ‘कॉन्फिगर टर्मिनल’, ‘रीलोड’ आणि ‘राइट इरेज’ यांपासून दूर राहावे, आणि कोणी फोनवरून सांगितले तरी दिवसा कामाच्या वेळी ‘डीबग’ (राउटरच्या हालचाली सतत छापणारी कमांड) चालू करू नये, कारण त्याचा भार राउटरच्या प्रोसेसरवर पडतो. याखेरीज ‘राइट मेमरी’ किंवा ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ हीदेखील सध्या देऊ नये. सेव्ह करणे म्हणजे सुरक्षित करणे अशी आपली सवय असते, परंतु येथे सेव्ह केल्याने जुनी साठवलेली प्रत पुसून तिच्या जागी आत्ताची प्रत बसते, आणि या दोन प्रतींत फरक आहे का हेच तर आपल्याला आधी पाहायचे आहे.

राउटरमध्ये कॉन्फिगरेशन दोन ठिकाणी असते. आत्ता ज्यानुसार काम चालले आहे ते ‘रनिंग’ रॅममध्ये असते आणि वीज गेली की नाहीसे होते. ‘स्टार्टअप’ एनव्हीरॅममध्ये असते, वीज गेली तरी टिकते, आणि राउटर चालू होताना तेच वाचून नवे ‘रनिंग’ तयार होते. कंत्राटदाराने व्हीपीएन भरून सेव्ह न करताच सोडले असेल, तर त्या रात्रीपर्यंत सर्व नीट चालले असेल आणि सकाळी त्याचा मागमूस उरला नसेल. तसे झाले असल्यास आता दोन्ही प्रती सारख्याच दिसतील आणि दोन्हींत व्हीपीएनचा भाग नसेल. म्हणून केवळ दोन्ही प्रती जुळतात यावर समाधान मानू नये. त्यांत काय आहे ते वाचावे.

जपून ठेवण्यासाठी जोडणी करण्याआधीच पुट्टीच्या लॉगिंगच्या पानावर जाऊन छापण्याजोगा सर्व मजकूर फाइलमध्ये नोंदवण्याचा पर्याय निवडावा. आत गेल्यावर प्रथम ‘टर्मिनल लेंग्थ ०’ द्यावे, म्हणजे दर पानाला ‘मोअर’ म्हणून थांबणे बंद होते. हा बदल त्या बैठकीपुरताच असतो आणि कॉन्फिगरेशनमध्ये उमटत नाही. त्यानंतर ‘शो व्हर्जन’, ‘शो स्टार्टअप-कॉन्फिग’, ‘शो रनिंग-कॉन्फिग’ आणि ‘शो आयपी इंटरफेस ब्रीफ’ या क्रमाने सर्व उतरवून घ्यावे.

वाचताना मध्येच सोळा-अंकी पद्धतीतील अक्षरे आणि आकडे यांच्या ओळींमागून ओळी आल्या तर गांगरू नये. तो राउटरने स्वतःच तयार केलेल्या प्रमाणपत्राचा भाग असतो, आणि ‘शो रनिंग-कॉन्फिग ब्रीफ’ दिल्यास तो गाळला जातो. आपल्याला व्हीपीएनचाच भाग हवा असल्याने कमांडच्या शेवटी उभी रेघ देऊन ‘सेक्शन क्रिप्टो’ लिहावे, म्हणजे तेवढेच गट दिसतील. एखादा शब्द असलेल्या ओळीच हव्या असतील तर ‘इन्क्लूड’, आणि एखाद्या ठिकाणापासून पुढचे सारे हवे असेल तर ‘बिगिन’. मूळ कमांडच्या बाबतीत लहान-मोठी लिपी चालते, मात्र उभ्या रेघेनंतर शोधायच्या शब्दात लहान आणि मोठे अक्षर वेगळे मानले जाते. डायलरचे (इंटरनेट कंपनीशी जोडणी करणाऱ्या आभासी पोर्टचे) पहिले अक्षर लहान लिहून शोधणारे पुष्कळ जण तो भागच राउटरमध्ये नाही असे समजून बसतात.

आणखी एक गोष्ट सांगून थांबतो. जे मूळ गृहीत (डीफॉल्ट) आहे ते या यादीत सहसा छापले जात नाही. राउटरचे एखादे पोर्ट चालू असेल तर ‘नो शटडाउन’ अशी ओळ दिसत नाही; ते मुद्दाम बंद केलेले असेल तरच ‘शटडाउन’ दिसते. गृहीतांसह सर्व पाहायचे असल्यास ‘शो रनिंग-कॉन्फिग ऑल’ आहे, पण ती यादी इतकी लांब होते की पहिल्या वाचनासाठी मी ती सुचवणार नाही.

उत्तर : कन्सोल_केबल

वरील उत्तराशी सहमत आहे. केवळ दोन बाबी जोडतो.

पहिली अशी की उतरवलेली फाइल येथे किंवा व्हॉट्सॲपच्या एखाद्या ग्रुपवर जशीच्या तशी टाकू नये. ‘पासवर्ड ७’ असा उल्लेख असलेल्या ओळीतील मजकूर गुप्त वाटला तरी तो काही क्षणांत उलगडता येतो. ती पद्धत मागून डोकावणाऱ्याच्या नजरेपासून वाचवण्यापुरतीच आहे. ‘एनेबल सीक्रेट ५’ त्या मानाने बराच बरा, तरी तोही पासवर्ड दुबळा असल्यास अंदाजाने फोडता येतो. व्हीपीएनची सामायिक किल्ली तर ‘क्रिप्टो आयसॅकेएमपी की’ या ओळीत बहुतेक वेळा उघड्या अक्षरांत असते. या सर्व ओळी आणि सार्वजनिक आयपी पत्त्यांचे शेवटचे दोन आकडे झाकूनच मजकूर दाखवावा. मूळ फाइल मालकांच्या ताब्यात, कुलपात असलेल्या पेन ड्राइव्हवर ठेवावी.

दुसरी बाब कन्सोलची, म्हणजे संगणक केबलने थेट राउटरला जोडून कमांड देण्याची. आत्ता एसएसएच चालते म्हणून सर्व सुरळीत आहे, पण एसएसएच राउटरच्या कॉन्फिगरेशनवरच उभे असते आणि कन्सोल तसे नसते. राउटर अर्धवट सुरू झाला तरी कन्सोलवर अक्षरे उमटतात. १९४१ला आरजे-४५ कन्सोल पोर्टशिवाय मिनी यूएसबीचेही कन्सोल पोर्ट आहे. यूएसबी जोडलेले असताना आरजे-४५ कन्सोल काम करत नाही, म्हणून दोन्ही केबल एकाच वेळी लावू नयेत. पुट्टीत सीरियल निवडून वेग ९६००, डेटा बिट ८, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १ आणि फ्लो कंट्रोल बंद असे ठेवावे. फ्लो कंट्रोलकडे विशेष लक्ष द्यावे, कारण ते चालू राहिल्यास अक्षरे दिसतात पण आपले टायपिंग पुढे जात नाही, असा गोंधळ होऊ शकतो. निळी चपटी केबल आणि यूएसबी-सीरियल जोड राजारामपुरीतील किंवा शाहूपुरीतील संगणक साहित्याच्या दुकानांत विचारून पाहावे.

‘शो व्हर्जन’च्या अगदी शेवटच्या ओळीत कॉन्फिगरेशन रजिस्टर असते. ते ०एक्स२१०२ असावे. ०एक्स२१४२ असेल तर पूर्वी कोणीतरी पासवर्ड काढण्यासाठी ते बदलून तसेच सोडले आहे, आणि अशा स्थितीत राउटर सुरू होताना साठवलेले कॉन्फिगरेशन वाचतच नाही. आपल्याकडे इंटरनेट चालते आहे त्याअर्थी तसे नसावे, तरी ओळ पाहून घ्यावी.

भट्टीवाला_शिरोली

दोघांचेही आभार. दुसरा पासवर्ड ‘एनेबल’चाच निघाला. सर्व फाइलमध्ये उतरवून घेतले आहे. रजिस्टर ०एक्स२१०२ आहे. दोन्ही प्रती शेजारी ठेवून पाहिल्या. त्या जुळतात आणि दोन्हींत ‘क्रिप्टो’चे गट आहेत. म्हणजे काहीच पुसले गेलेले नाही, आणि मी अधिकच बुचकळ्यात पडलो आहे. पीअर (पलीकडचा राउटर) म्हणून दिलेला पत्ता गोकुळ शिरगावच्या आजच्या सार्वजनिक पत्त्याशी तंतोतंत जुळतो.

डायलर १ खाली ‘आयपी ॲड्रेस निगोशिएटेड’ असे लिहिलेले आहे आणि ‘क्रिप्टो मॅप’ (व्हीपीएनचे नियम) तेथेच लावलेला आहे. ‘शो आयपी इंटरफेस ब्रीफ’मध्ये डायलर १ समोर एक पत्ता, पद्धतीच्या रकान्यात आयपीसीपी, आणि शेवटच्या दोन्ही रकान्यांत ‘अप’ असे आहे. कॉन्फिगरेशन बरोबर, पोर्ट चालू, मग अडते कोठे?

उत्तर : तारजोडणी

आपल्या उत्तराचा धागा ‘निगोशिएटेड’ या ओळीत आहे. कॉन्फिगरेशन म्हणजे राउटरला दिलेली सूचना; त्या सूचनेवरून प्रत्यक्षात काय घडले ते त्यात लिहिलेले नसते. येथे सूचना एवढीच आहे की पलीकडचा सर्व्हर जो पत्ता देईल तो घ्यावा. तो पत्ता ‘शो रनिंग-कॉन्फिग’मध्ये कितीही शोधला तरी सापडणार नाही, तो ‘शो आयपी इंटरफेस ब्रीफ’मध्येच दिसतो. वीज जाऊन जोडणी तुटली, ती पुन्हा जुळताना इंटरनेट कंपनीकडून नवा पत्ता मिळाला, आणि गोकुळ शिरगावचा मायक्रोटिक अजून जुन्याच पत्त्याची वाट पाहत आहे, असा माझा तर्क आहे. दोन्ही बाजूंचे कॉन्फिगरेशन एक अक्षरही न बदलता जोडणी अशी तुटू शकते.

हा तर्क पडताळून पाहणे सोपे आहे. शिरोलीहून गोकुळ शिरगावच्या आतल्या एखाद्या संगणकाला पिंग (उत्तर येते का हे पाहणारी चाचणी) करावे, मात्र ‘सोर्स’ म्हणून आपल्या आतल्या पोर्टचे नाव द्यावे. ते न दिल्यास पिंग बाहेरच्या पत्त्यावरून निघते आणि व्हीपीएनच्या नियमात बसत नाही. पिंग चालू असतानाच दुसऱ्या खिडकीतून ‘शो क्रिप्टो आयसॅकेएमपी एसए’ पाहावे. तेथे ‘क्यूएम_आयडल’ असेल तर व्हीपीएन जुळण्याचा पहिला टप्पा पार पडला आहे आणि माझा तर्क चुकला. ‘एमएम_नो_स्टेट’ असेल तर पलीकडून प्रतिसादच येत नाही.

मग मायक्रोटिककडे वळावे. तेथे पाहण्याची पद्धत निराळी आहे. विनबॉक्स या मायक्रोटिकच्या प्रोग्राममधील टर्मिनलमध्ये किंवा एसएसएचने जाऊन ‘एक्स्पोर्ट’ लिहिले की संपूर्ण कॉन्फिगरेशन कमांडच्या रूपात पुढे येते. ‘आयपी आयपीसेक’ या शाखेत जाऊन तेच दिल्यास तेवढाच भाग येतो. मायक्रोटिकची प्रणाली राउटरओएस हिच्या आवृत्ती ७मध्ये पासवर्ड आणि किल्ल्या आपोआप गाळल्या जातात, ६मध्ये त्यासाठी ‘हाइड-सेन्सिटिव्ह’ जोडावे लागते. तेथे रनिंग आणि स्टार्टअप असा भेद नसतो, केलेला बदल त्याच वेळी साठवला जातो. म्हणून तेथे सेफ मोड चालू करूनच हात लावावा, म्हणजे बदलामुळे जोडणी तुटलीच तर तो आपोआप मागे घेतला जातो. ‘पीअर’च्या ओळीत शिरोलीचा म्हणून कोणता पत्ता लिहिला आहे, तो डायलर १च्या आजच्या पत्त्याशी ताडून पाहावा.

भट्टीवाला_शिरोली

‘एमएम_नो_स्टेट’च आले. मायक्रोटिकवरील पीअरचा पत्ता आणि डायलरचा पत्ता यांतले शेवटचे दोन्ही आकडे वेगळे आहेत. तेथे नवा पत्ता भरल्यावर थोड्याच वेळात पिंगला उत्तर आले आणि टॅली उघडली. सिस्कोमध्ये काहीच बदलावे लागले नाही. पुन्हा वीज गेली तर पुन्हा हेच होईल का?

उत्तर : कन्सोल_केबल

होऊ शकेल. प्रत्येक वेळी पत्ता बदलेलच असे नाही, पण बदलणार नाही याची हमीही नाही. इंटरनेट कंपनीकडे शिरोलीच्या जोडणीसाठी स्थिर आयपीची मागणी लेखी करावी. पत्त्याचे वर्षाचे भाडे हाताने चलने लिहिण्यापेक्षा परवडेल. ते होईपर्यंत मायक्रोटिकवरील पीअर कोणत्याही पत्त्यावरून येणारी जोडणी स्वीकारेल असा ठेवता येतो, परंतु मग सुरक्षेचा सारा भार सामायिक किल्लीवर येतो, आणि ती कंत्राटदाराच्या वेळचीच असेल तर आधी दोन्ही बाजूंनी बदलावी. त्या वेळी मात्र सिस्कोवर ‘राइट मेमरी’ द्यायला विसरू नये, आणि दिल्यानंतर ‘शो स्टार्टअप-कॉन्फिग’ची नवी प्रत आपल्या फाइलशेजारी तारखेसह ठेवावी.